नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा

माझे बाबा वाहतूक नियंत्रक होते. घाटाच्या पायथ्याशी बसस्थानक, तिथे जाळीच्या खिडकीमागे त्यांचं टेबल. गाडी फलाटाला लागली की वाहक खिडकीशी यायचा आणि बाबा लांबरुंद नोंदवहीत एक ओळ लिहायचे. त्या वहीचे रकाने मला अजून पाठ आहेत : मार्ग, गाडी क्रमांक, नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि सगळ्यात शेवटी शेरा. शाळा सुटली की मी तिथेच बाकावर बसून गृहपाठ करायचे. प्रत्यक्ष वेळ बाबा मनगटावरच्या एचएमटीवर बघून लिहायचे, आणि ते घड्याळ रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधी पडणाऱ्या टोल्यांना लावलेलं असायचं. त्यात एक दिवस खंड पडलेला मला आठवत नाही.

शेऱ्यात कधी ‘घाटात दरड’, कधी ‘धुके’, कधी ‘यात्रेची गर्दी’. पण बऱ्याच ओळींत तो रकाना कोराच असायचा. एकदा मी विचारलं, "बाबा, इथं काहीच का नाही लिहिलं? पाऊस होता की." ते म्हणाले, "पाऊस होता. पण पावसामुळंच उशीर झाला हे तुला कुणी सांगितलं? वेळ लगेच लिहायची, ती परत मिळत नाही. शेरा खात्री झाली की मग. नाही झाली, तर राहू दे कोरा."

मी आता पन्नाशीत आहे, औषधांचं दुकान चालवते, आणि गेली सहा वर्षं एका ताऱ्याची अशीच वही ठेवते आहे.

तारा कन्या राशीत आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर रात्री दक्षिणेकडे बघितलं की हस्ताचा चौकोन सहज सापडतो, त्याच्या डावीकडे ठळक चित्रा. या दोघांच्या मधे, सोम्ब्रेरो नावाने प्रसिद्ध असलेल्या दीर्घिकेच्या तीनेक अंश उत्तरेला हा तारा. नाव एचडब्ल्यू व्हर्जिनिस. तेजाची प्रत साडेदहाच्या आसपास (आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसायचा प्रश्नच नाही; पण आठ इंची दुर्बिणीतून शेजारच्या ताऱ्यांसारखाच एक साधा ठिपका दिसतो. मार्चअखेरीला तो मध्यरात्रीच्या सुमारास आमच्या गच्चीवरून त्रेसष्ट अंश उंचावर येतो. चैत्रातली पौर्णिमा चित्रेजवळ होते, म्हणूनच त्या महिन्याचं नाव चैत्र. त्यामुळे पौर्णिमेच्या रात्री चंद्र नेमका त्याच भागात, आणि निरीक्षणाला काही अर्थ नाही. सगळ्यात चांगली रात्र फाल्गुन अमावस्येची, पाडव्याच्या आदली. दुसऱ्या दिवशी पहाटे गुढी उभारायची असते आणि मी रात्रभर गच्चीवर असते, हे आता घरच्यांनी मान्य केलं आहे.

या ताऱ्याला दर दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं आणि साडेचार सेकंदांनी ग्रहण लागतं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा कॅमेरा नव्हता. नेत्रिकेला डोळा लावून मी तो आणि शेजारचा एक तारा यांची तुलना करत बसले होते. दोघं सारखेच. पाच मिनिटांनी वाटलं, आपला जरा मलूल झाला का? नजर हटवली, परत बघितलं. झाला होता. आणखी पाच मिनिटांत जवळजवळ निम्मा प्रकाश गेला, आणि मग ज्या गतीने गेला त्याच गतीने परत आला. सगळा खेळ वीसेक मिनिटांचा. ताऱ्यांमधले बदल लाखो वर्षांचे असतात असं आपण ऐकत आलो, आणि इथे एक तारा माझा चहा गार व्हायच्या आत मालवला आणि परत पेटला. त्या रात्री मी झोपले नाही.

आता कॅमेरा आहे, वीस सेकंदांचं एक चित्र घेते, आणि लॅपटॉपवर एकेक ठिपका उमटत जातो. नुसत्या डोळ्यांनी जे कळलं नव्हतं ते या ठिपक्यांत दिसतं. ग्रहण संपलं की आलेख सपाट व्हायला हवा ना? तो होत नाही. सावकाश वरच चढत राहतो, तासभर. मग शिखराच्या अगदी टोकावर एक उथळ खळगा, आणि पुन्हा तसाच सावकाश उतार, पुढच्या मोठ्या ग्रहणापर्यंत. याचं कारण कळलं त्या दिवसापासून माझा जीव या ताऱ्यात अडकला, तर तेच आधी सांगते.

हे दोन तारे आहेत. एक उष्ण सबड्वार्फ. (खुज्या ताऱ्यापेक्षाही खुजा, असा त्या नावाचा अर्थ, मी सबड्वार्फच म्हणते.) त्याच्या पृष्ठभागाचं तापमान २८,००० केल्व्हिनच्या वर, म्हणजे सूर्याच्या जवळजवळ पाचपट. व्यास मात्र सूर्याच्या एक पंचमांशाहून कमी. एवढासा असून तो सूर्याच्या वीसेक पट ऊर्जा टाकतो, आणि त्यातली बरीचशी अतिनील किरणांत. दुसरा तारा लाल बटू, वस्तुमान सूर्याच्या सातव्या हिश्श्याएवढं, तापमान तीन हजारांच्या घरात. गंमत अशी की आकाराने दोघं जवळपास सारखेच. दोघांच्या केंद्रांमधलं अंतर सुमारे सहा लाख किलोमीटर. आपल्यापासून चंद्र आहे त्याच्या दीडपट, बस्स. एवढ्या जागेत दोन तारे एकमेकांना फिरतात.

इतक्या जवळून फिरताना लाल बटूची एकच बाजू कायम सबड्वार्फकडे असते, जशी चंद्राची आपल्याकडे. ती बाजू भाजून निघते आणि हजारो अंशांनी अधिक तापून चकाकते. बटू आपल्या आणि सबड्वार्फच्या मधे येतो तेव्हा मोठं ग्रहण. तेव्हा त्याची आपल्याकडे असते ती गार, काळोखी पाठ. मग तो फिरत फिरत पलीकडे जाऊ लागतो, तापलेली बाजू चंद्राच्या कलेसारखी आपल्याकडे वळते, आणि एकूण उजेड वाढतो. तो सावकाश चढ म्हणजे हे. पूर्ण तापलेली बाजू आपल्याकडे वळते न वळते तोच सबड्वार्फ तिच्या आड येतो, आणि शिखरावर उथळ खळगा पडतो. बटूचा स्वतःचा प्रकाश इतका थोडा की वर्णपटात तो जवळपास सापडतच नाही. शेजाऱ्याच्या चुलीचा उजेड अंगणात पडावा आणि त्यावरून अंगणाचा आकार कळावा, तसा तो आपल्याला कळतो.

आणि तोच बटू या सगळ्याच्या मुळाशी आहे.

सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो. गाभ्यातला हायड्रोजन संपतो, तिथे हेलियम साठत जातो, आणि बाहेरचं आवरण पसरत पसरत मूळच्या शंभरपटीहून मोठं होतं. तांबडा राक्षसी तारा म्हणतात तो हाच. गाभ्यातल्या हेलियमचं वस्तुमान सूर्याच्या निम्म्याहून किंचित कमी, ०.४७ च्या आसपास पोचलं आणि तापमान दहा कोटी अंशांपर्यंत गेलं की हेलियम पेटतो. एकट्या ताऱ्याच्या बाबतीत तेव्हाही बाहेर हायड्रोजनचं जाडजूड आवरण असतंच. सबड्वार्फवर मात्र ते नाही. जे उरलंय ते सूर्याच्या वस्तुमानाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. आतला पेटलेला गाभा जवळजवळ उघडा आहे, म्हणून तो इतका तापलेला आणि इतका लहान दिसतो. नारळ सोलून, करवंटी फोडून आतला गोटा बाहेर काढावा तसा.

सोललं कुणी? सोबत्याने. राक्षसी तारा फुगत आला तेव्हा शेजारून फिरणारा लाल बटू त्याच्या आवरणातच ओढला गेला. आता दोन गाभे आणि दोघांभोवती एकच सामायिक आवरण. त्या वायूतून फिरताना बटूला घर्षण होतं, कक्षा आखडत जाते, तो आत आत सरकतो. आणि कक्षेतली जी ऊर्जा त्याने गमावली ती त्या आवरणाला मिळते. पुरेशी मिळाली की आवरण उधळून जातं. खगोलशास्त्राच्या मानाने हे सगळं पापणी लवण्याइतक्या वेळात होतं. मागे उरतात उघडा गाभा आणि त्याच्या अगदी लगत आलेला, पोटात जाऊन जिवंत बाहेर पडलेला बटू.

यात वेळ फार नेमकी साधावी लागते. आवरण लवकर उधळलं तर गाभ्यात हेलियम पेटण्याइतकं वस्तुमान नसतं, आणि तो श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, होऊन नुसता निवत जातो. म्हणजे एवढ्या मोठ्या फुगण्याच्या काळात अगदी टोकाजवळच हे घडायला हवं. तसं घडलेले हे तारे, त्यामुळे त्यांचं वस्तुमान बहुधा त्याच ०.४७ च्या आसपास सापडतं. पुढची साधारण दहा कोटी वर्षं ते हेलियम जाळतात, आणि मग पुन्हा कधीही राक्षसी न होता थेट श्वेत बटू होतात.

हा विषय जुना आहे. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, जिथे कोवळे निळे तारे असायचं काही कारण नाही, तिथे मंद निळे तारे आहेत, हे ह्यूमसन आणि झ्विकी यांनी १९४७ मध्ये दाखवलं. त्यांतले पुष्कळसे पुढे उष्ण सबड्वार्फ निघाले. आज ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांवरून काढलेली संभाव्य उमेदवारांची यादी साठ हजारांवर गेली आहे. पण माझ्या ताऱ्याची कथा मला जास्त आवडते. बॉनच्या वेधशाळेत शोनफेल्ड यांनी दक्षिणेकडच्या ताऱ्यांची यादी १८८६ मध्ये छापली, तिच्यात हा तारा आहे. बीडी उणे ७, क्रमांक ३४७७. यादीत एक ओळ. त्यानंतर शंभर वर्षं कुणाला पत्ता नाही की ही ओळ दर पावणेतीन तासांनी मालवते. दक्षिण आफ्रिकेच्या मेंझीस आणि मारांग यांनी ते ओळखलं आणि १९८६ मध्ये छापलं. तेही कुठे, तर लहान दुर्बिणींनी काय संशोधन करता येईल या विषयावरच्या परिसंवादाच्या ग्रंथात. माझ्यासारखीला यातून किती बळ मिळालं असेल ते तुम्हीच ओळखा.

त्यांच्या हातच्या वेळा १९८४ पासूनच्या आहेत. तेव्हापासून आजवर सव्वा लाखाहून अधिक ग्रहणं होऊन गेली. दर ग्रहणाला क्रमांक देता येतो, अमुक क्रमांकाचं ग्रहण अमुक वेळी व्हायला हवं हे काढता येतं, आणि प्रत्यक्षात झालं त्या वेळेतून ते वजा करता येतं. जगभर याला ओ उणे सी म्हणतात, ऑब्झर्व्हड उणे कॅल्क्युलेटेड. बाबांना मी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे प्रत्यक्ष वजा नियोजित." त्यापुढे समजावण्यासारखं काही उरलं नाही.

पहिल्या वर्षीची माझी वही मी फाडली नाही, पण तिच्यातली एकही वेळ कुणाला पाठवली नाही. कारण सांगते. गच्चीवर नेटचं जोडणं पोचत नव्हतं, लॅपटॉप आपल्या आपण चालत होता, आणि मी त्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर विसंबून होते. हंगामाच्या शेवटी सहज मोबाइलशी ताडून बघितलं तर अडतीस सेकंदांचा फरक. तो एका रात्रीत पडला की हळूहळू साठत गेला, हे सांगायला माझ्याकडे कसलाच पुरावा नव्हता. अकरा ग्रहणं, अकरा रात्री, आणि एकाही वेळेवर हात ठेवून मी खरी म्हणू शकत नव्हते. मला फार लागलं ते. बाबांच्या त्या एचएमटीखाली मी वाढले, आणि नेमकं घड्याळच लावायचं विसरले. दुसऱ्या वर्षी जीपीएसचं एक छोटं उपकरण घेतलं, बोटाएवढं, यूएसबीला लागणारं. तेव्हापासून प्रत्येक रात्री पहिलं काम तेच. आता ग्रहणाचा मध्य मला पाचेक सेकंदांच्या आत काढता येतो.

त्याच वर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, कडाक्याच्या थंडीत पहाटे एक ग्रहण नीट मिळालं. त्या वेळेवरून मी मार्चअखेरीचं ग्रहण काढलं. तारा वेळेवर येणार, मी खुर्ची टाकून बसले. आणि ग्रहण पावणेपाच मिनिटं आधी झालं. सेकंदांचा प्रश्न नव्हता, मिनिटांचा होता. घड्याळ तपासलं, बरोबर. आकडेमोड दोनदा केली, बरोबर. दुसऱ्या रात्री परत तितकंच आधी. छातीत धडधडायला लागलं. वाटलं, ताऱ्यात काहीतरी घडलंय.

ताऱ्यात काही घडलं नव्हतं. जानेवारीपासून मार्चपर्यंत पृथ्वीच त्या ताऱ्याकडे सरकली होती. मार्चअखेरीला आपण सूर्याच्या त्याच बाजूला असतो जिकडे कन्या रास आहे, त्यामुळे प्रकाशाला तेवढं कमी अंतर कापावं लागतं. सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला प्रकाशाला आठ मिनिटं आणि वर थोडे सेकंद लागतात. जानेवारीत त्या अंतरातला एक तुकडा आपल्या पदरात पडला होता, मार्चमध्ये सगळंच पडलं. फरक पावणेपाच मिनिटं. गुरूच्या आयो चंद्राची ग्रहणं अशीच कधी आधी, कधी उशिरा होतात, यावरून ओले रोमर यांनी १६७६ मध्ये प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे सांगितलं होतं, ते शाळेत शिकलेलं होतं. पण पृथ्वी सरकली हे आपल्या गच्चीवर, आपल्या वहीत, मिनिटांत मोजलेलं बघणं वेगळं. म्हणूनच आता सगळ्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमान-केंद्राला आणून लिहायच्या असतात. जाणकारांना हे पहिल्या दिवशीच माहीत असतं. मला ते थंडीत बसून कळलं, आणि तसं कळलं याचा मला आनंदच आहे.

हा हिशेब एवढा लांबण लावून सांगितला, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पृथ्वीच्या हलण्याचा वाटा काढून टाकल्यावर एचडब्ल्यू व्हर्जिनिसची ग्रहणं अगदी काटेकोर वेळेवर यायला हवीत. ती येत नाहीत. पहिल्या दोन-अडीच दशकांत आवर्तकाल हळूहळू आखडत होता, आणि त्यावर लाटेसारखे चढउतार होते. आता विचार करा, की या जोडीभोवती लांबून एखादा ग्रह फिरतो आहे. मग ती जोडीही थोडी इकडे, थोडी तिकडे झुलेल. आपल्याकडे झुलली की ग्रहणं लवकर, पलीकडे झुलली की उशिरा. माझ्या जानेवारी-मार्चचाच प्रकार, फक्त सरकणारे ते. कोरियातल्या ली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये चोवीसेक वर्षांच्या वेळा मांडून सांगितलं की दोन सोबती आहेत : एक सुमारे १६ वर्षांत फिरणारा, गुरूच्या १९ पट वजनाचा, आणि दुसरा ९ वर्षांत फिरणारा, गुरूच्या साडेआठ पट. दोन सूर्य असलेले ग्रह! बातमी सगळीकडे झाली.

मग २०१२ मध्ये हॉर्नर आणि सहकाऱ्यांनी त्या कक्षा संगणकावर पुढे चालवून बघितल्या, तर ती रचना टिकेचना. ग्रह लवकरच एकमेकांच्या वाटेत येत होते. त्याच वर्षी जर्मनीतल्या बॉयरमान यांनी नवी मांडणी दिली, १२.७ वर्षांचा एक आणि ५५ वर्षांचा दुसरा. ती टिकाऊ होती. पुढची काही वर्षं नव्या वेळा आल्या आणि त्या या रेषेवरूनही घसरू लागल्या. नंतर हिप्पार्कोस आणि गाया या दोन उपग्रहांनी मोजलेली ताऱ्याची जागा ताडून बघितली गेली, कारण लांबचा तो जड सोबती खरा असता तर ताऱ्याच्या वाटेत तसा बाक दिसायला हवा. त्याला आधार मिळाला नाही. दुसरी एक शक्यता अशी मांडतात की लाल बटूच्या चुंबकीय चक्रामुळे त्याचा आकार किंचित बदलतो आणि त्याने कक्षा मागेपुढे होते. पण एवढ्या लहान ताऱ्याकडे तितकी ऊर्जा कुठून यावी, यावर वाद आहे.

मला ग्रह मांडणाऱ्यांचा राग नाही. हातातल्या वेळांवरून जे निघत होतं ते त्यांनी लिहिलं. २००७ मध्ये व्ही ३९१ पेगासी या स्पंदन पावणाऱ्या सबड्वार्फभोवती ग्रह आहे असं सिल्व्होटी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात लिहिलं, २०१८ मध्ये त्याच सिल्व्होटी यांनी तेरा वर्षांची मोजमापं घेऊन स्वतःच लिहिलं की आता तो ग्रह खात्रीचा वाटत नाही. असं लिहायला मोठं मन लागतं. वाईट याचं वाटतं, की ग्रह सापडल्याची बातमी चौथीतल्या मुलापर्यंत पोचते आणि तो डळमळल्याची बातमी कुठेच छापून येत नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या एका मुलाने मला त्या दोन सूर्यांच्या ग्रहाबद्दल उत्साहाने सांगितलं होतं. मी त्याला खोडलं नाही. गच्चीवर बोलावलं, ग्रहण दाखवलं, आणि मग सांगितलं की या वेळा का चुकतात ते अजून सुटलेलं नाही, आणि ते सोडवणारा कदाचित आज चौथीत असेल.

या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र जराही शिळी झाली नाही : १९८४ पासूनच्या त्या वेळा. प्रत्येक नवी मांडणी त्यांच्यापासूनच सुरू होते. त्या लिहिणाऱ्यांना ग्रहाबिहांची कल्पनाही नव्हती. त्यांनी घड्याळ बरोबर लावलं होतं, इतकंच.

सगळ्याच सबड्वार्फना लाल बटूची सोबत असते असं नाही. कुणाला तपकिरी बटू, म्हणजे तारा होता होता राहिलेला गोळा. तसा एक २०११ मध्ये गायर आणि सहकाऱ्यांनी दाखवला. एवढासा सोबती राक्षसी ताऱ्याचं आवरण उधळू शकतो हे बघून मी थक्क झाले होते. कुणाला श्वेत बटू. सीडी उणे ३० ११२२३ या जोडीचा फेरा अवघ्या सत्तर मिनिटांचा, आणि त्यात सबड्वार्फ ओढला जाऊन लंबगोल झाला आहे. पुढे कधीतरी त्याचा हेलियम श्वेत बटूवर सांडू लागेल आणि बटूचा स्फोट होईल, असा अंदाज आहे. तसा स्फोट कुठेतरी आधीच झाला असावा, कारण यूएस ७०८ नावाचा एक सबड्वार्फ सेकंदाला १,२०० किलोमीटर वेगाने एकटाच आकाशगंगेबाहेर निघाला आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या सर्वेक्षणातून एक जोडी मिळाली, तिचा फेरा ३९ मिनिटांचा, आणि तिथे सांडणं सुरूही झालं आहे. काहींना सूर्यासारखे सोबती आहेत, पण लांबवर, वर्षावर्षांच्या कक्षेत. त्याच वर्षी पेलिसोली आणि सहकाऱ्यांनी सगळ्या प्रकारांचा ताळा करून म्हटलं की सबड्वार्फ घडायला दुसरा तारा लागतोच. आज एकटा दिसणाराही कधीकाळी दुकटाच होता, बहुधा दोन श्वेत बटू मिसळून झालेला.

आपल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीचा इथे उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. २०१६ मध्ये अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि सहकाऱ्यांनी तिच्या मदतीने एनजीसी १८८ या तारकागुच्छात एका निळ्या ताऱ्याला चिकटलेला उष्ण सोबती शोधला, जो साध्या प्रकाशात शेजाऱ्याच्या उजेडात बुडून गेला होता. असे तारे बघायचे तर अतिनील डोळाच हवा.

तरी मला विचाराल तर माझा जीव एचडब्ल्यू व्हर्जिनिसमध्येच. स्फोट नाही, पळापळ नाही. साडेपाचशे प्रकाशवर्षांवर दोन तारे एकमेकांना फिरताहेत आणि त्यांच्या वेळेतली चूक कुणाला सुटत नाही.

बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या पाडव्याच्या आदल्या रात्री ते जिना चढून वर आले, शाल गुंडाळून खुर्चीत बसले. लॅपटॉपचा उजेड मी लाल करून ठेवते; त्या उजेडात त्यांचा चेहरा बसस्थानकातल्या दिव्याखाली दिसायचा तसा दिसत होता. अकरा वाजून गेले, ठिपके खाली उतरू लागले. ते न बोलता बघत राहिले. तळ आला, ठिपके वळले, वर निघाले.

"आली का गाडी?"

"आली, बाबा."

"किती वाजता?"

"अकरा एकवीस. सेकंद नंतर काढते."

"नियोजित?"

मी सांगितली. त्यांनी मनात वजाबाकी केली, अजून जमते. मग माझी वही मागितली. मी तिच्यात पाच रकाने आखले आहेत, त्यांच्याच क्रमाने. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत नेलं. सहा वर्षांच्या पानांवर तिथे फक्त ‘ढग’, ‘वारा’, ‘कॅमेरा बंद पडला’ असं काही मोजक्या ओळींत आहे. बाकी कोरं.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि वही परत दिली.

मी त्यांना खाली सोडायला उठले. ते हलले नाहीत.

"पुढची कितीला?"

"दोन वाजून नऊ मिनिटांनी. मधे दुर्बीण फिरवून घ्यावी लागेल."

"फिरव," ते म्हणाले, आणि शाल कानांवरून ओढून घेतली. "मी आहे."